पंगतीची फळी

गावात सप्ताह बसतो. सात दिवस काकडा, हरिपाठ, कीर्तन चालते. शेवटी काल्याचे कीर्तन होते आणि महाप्रसादाची पंगत बसते. त्याची तयारी महिनाभर आधीपासून असते. वर्गणी जमते. कोणी गहू देतो, कोणी डाळ देतो, कोणी तेलाचा डबा देतो. कढया, पराती, पातेली, बादल्या, सगळ्याची यादी होते.

आम्ही अशा पुष्कळ याद्या लिहून दिल्या. पण एका वस्तूचे नाव त्या यादीत कधी लिहिले नाही. ती वस्तू म्हणजे भाजी चिरायची फळी.

कोणी म्हणेल, "फळीचं काय एवढं? घ्यायची कोणती बी आन् चिरायचं." आम्हीही एके काळी असेच म्हणत होतो. ते कसे चुकले, ते आधी सांगतो. मग फळी कशी निवडावी ते पाहू.

एका काल्याची गोष्ट

पस्तीस वर्षांमागची गोष्ट आहे. तेव्हा हिंगोली हा वेगळा जिल्हा नव्हता. आपण परभणी जिल्ह्यात होतो. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा झाला. आम्ही तेव्हा एका लहान गावच्या शाळेत शिक्षक होतो. गावाचे नाव सांगत नाही. चूक सगळ्यांची होती, मग एका गावाला कशाला नावे ठेवायची?

चैत्राचे दिवस होते. काल्याच्या आदल्या रात्री भाजी चिरायची होती. बाया विळ्या घेऊन आल्या होत्या, पण विळ्या कमी पडल्या. मग पोरांनी सुऱ्या घेतल्या. सुरीला खाली फळी पाहिजे. फळी नव्हती. एकाने सांगितले, "गोठ्याचं जुनं दार पडलंय, तेच आणा." दार आणले. त्याची एक बाजू आम्ही स्वतः धरली होती. दोन बादल्या पाणी ओतले, हाताने चोळले, आणि झाले दार स्वच्छ!

त्या दारावर आधी मातीचे बटाटे आणि वांगी चिरली. मग त्याच दारावर काकडी, टमाटे, कांदे आणि कोथिंबीर चिरली. ती कोशिंबिरीसाठी होती. रात्रभर ती पिंपात झाकून ठेवली. सकाळी तिच्यात दही कालवले. दुपारी एक वाजता पंगत बसली. जेवण गोड झाले.

दिवस मावळताना पहिल्या घरातून निरोप आला, लेकराला उलट्या होत आहेत. मग दुसऱ्या घरातून आला. रात्री तर वाटेवर कंदीलच कंदील दिसत होते. आमच्या वर्गातला एक पोरगा दोन दिवस सलाईनवर होता. त्याची माय उशाशी बसून होती. तिने आम्हाला एवढेच विचारले, "गुरुजी, प्रसादानं असं कसं झालं?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. पोरगा वाचला. सगळेच वाचले. पण तो प्रश्न आमच्या मनातून गेला नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. त्यांनी आजारी कोण हे तर विचारलेच, पण आजारी कोण नाही, हेही विचारले. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. गावातली दात पडलेली म्हातारी माणसे ठणठणीत होती. त्यांनी भात खाल्ला होता, वरण खाल्ले होते, भाजी खाल्ली होती. फक्त कोशिंबीर खाल्ली नव्हती. ती त्यांना चावत नव्हती! डॉक्टर म्हणाले, "कोशिंबीर कशावर चिरली होती?" आम्ही ते दार दाखवले. त्याच्या फटीत अजून शेण होते.

असे आजही घडते. २०२४ सालच्या फेब्रुवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या सोमठाणा गावी हरिनाम सप्ताह होता. एकादशीचा फराळ खाऊन शेकडो माणसे आजारी पडली. दवाखान्यात जागा पुरली नाही. उघड्यावर दोऱ्या बांधून सलाईनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या. तिथे दोष फळीचा होता असे आम्ही म्हणत नाही. अन्न बिघडायच्या वाटा पुष्कळ आहेत. पण पंगतीत एक चूक झाली की ती एका घरापुरती राहत नाही, हे त्यातून समजते. घरात चूक झाली तर चार माणसे आजारी पडतात. पंगतीत चूक झाली तर गाव आजारी पडतो.

जंतूंचा हिशोब

फळीवर असते तरी काय? डोळ्यांना दिसत नाहीत असे बारीक जंतू असतात. ते मातीत असतात, शेणात असतात, कच्च्या मटणात असतात, आपल्या हातावर असतात. ओल, अन्न आणि ऊब मिळाली की ते वाढतात. चांगली सोय लागली तर काही जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतात.

आता हिशोब करा. वीस मिनिटांनी दोन. चाळीस मिनिटांनी चार. एका तासाने आठ. दोन तासांनी चौसष्ट. तीन तासांनी पाचशे बारा. असेच चालले तर सात तासांनी एका जंतूचे वीस लाखांहून जास्त होतात! सावकाराचे व्याजसुद्धा इतके वाढत नाही.

शिजवलेल्या भाजीला चांगली उकळी येते, त्यात बहुतेक जंतू मरतात. कोशिंबीर शिजवत नाहीत. कापलेली फळे, वरून घालायची कोथिंबीर, लिंबाच्या फोडी याही शिजवत नाहीत. फळीवरचे जंतू त्यांच्याबरोबर थेट ताटात येतात. म्हणून फळीची खरी परीक्षा भाजीत नसते, कोशिंबिरीत असते. ती आदल्या रात्री चिरूही नये. जेवणाच्या आधी तास-दीड तास चिरावी.

विळी सोडावी का?

मुळीच नाही. विळी ही आपली जुनी आणि चांगली वस्तू आहे. विळीवर भाजी हातात धरून चिरतात आणि ती खाली परातीत पडते. लाकडाला तिचा फारसा स्पर्श होत नाही. ज्यांना विळीची सवय आहे त्यांनी विळीच वापरावी. मात्र एक ध्यानात ठेवा. विळीच्या पाटावर आपला पाय असतो. म्हणून चिरलेली भाजी पाटावर सांडू देऊ नये. पाते आणि पाट दोन्ही धुवावे.

पण आता आचारी सुरीने चिरतात. तरण्या पोरांना आणि कितीतरी सुनांना विळीवर बसणे जमत नाही. गुडघे दुखणाऱ्या बाया उभ्याने चिरतात. कोबी, कांदा, कोथिंबीर सुरीने लवकर होते. शाळेतल्या पोषण आहाराचे स्वयंपाकघरही असेच. ही योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सुरू झाली. २०२१ पासून तिला पीएम पोषण म्हणतात. तिथे रोजच चिरणे असते. तेव्हा फळी आता लागणारच.

काही घरांत पोळपाट उलटा करून त्यावर कांदा चिरतात. एका माणसाच्या स्वयंपाकाला ते चालेल. पंगतीला चालणार नाही. पोळपाट लहान असतो, हलतो, आणि त्याच्या पायांच्या सांदीत घाण बसते.

फळी कशाची घ्यावी?

बाजारात तऱ्हेतऱ्हेच्या फळ्या मिळतात. एकेक पाहू.

पहिली, दगडाची. पुष्कळ जण ओट्याच्या कडप्प्यावर किंवा शहाबादी फरशीवरच चिरतात. दगड धुवायला सोपा, पण सुरीची धार लगेच जाते. बोथट सुरी जास्त घसरते, आणि ती घसरली की बोट कापते. शिवाय शहाबादी फरशीवर लिंबू चिरले तर फरशीला डाग पडतात. ती चुनखडीचा दगड आहे. आंबट रस तिला खातो. काच आणि स्टील यांच्यावरही धार टिकत नाही. म्हणून ही वस्तू चिरायला नको. पीठ मळायला, पोळ्या लाटायला ठीक.

दुसरी, प्लास्टिकची. ही जाड, पांढरी असते. ती हलकी असते, पाणी पीत नाही, नवी असताना पटकन धुता येते. पण सुरीचे चरे पडले की त्यांत घाण बसते. लाकडासारखा तिला रंधा मारता येत नाही. चरे फार झाले की ती टाकूनच द्यावी लागते. घासली, खरवडली की तिचे बारीक कण निघून अन्नात जातात. कच्च्या मटण-मासळीसाठी मात्र ही फळी सोयीची आहे. तिला लाकडासारखा रक्ताचा वास धरत नाही. चरे पडले की बदलायची, एवढे पक्के ठरवावे.

तिसरी, लाकडाची. हिच्याविषयी लोकांचा एक समज होता. लाकूड पाणी पिते, म्हणून त्यात जंतू जास्त राहतात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात १९९० नंतरच्या काही वर्षांत शास्त्रज्ञांनी हे तपासून पाहिले. लाकडाच्या आणि प्लास्टिकच्या फळ्यांवर मुद्दाम जंतू सोडले. काय दिसले? लाकडावर सोडलेले जंतू लाकडाच्या आत ओढले गेले आणि वरती थोडेच सापडले. नवे प्लास्टिक सहज धुतले गेले. पण सुरीचे चरे पडलेले प्लास्टिक हाताने नीट साफ होईना.

याचा अर्थ लाकूड धुवायचे नाही, असा घेऊ नका. अर्थ एवढाच की, लाकूड वाईट नाही. घासलेली आणि वाळलेली फळी चांगली. ओली, फटींची आणि मळकी फळी वाईट. मग ती कशाचीही असो.

आपल्या गावात लाकूड मिळते आणि सुतारही मिळतो. फळी खराब झाली तर तो दुरुस्त करतो. म्हणून पंगतीच्या भाजीला लाकडी फळी घ्यावी, असे आमचे मत आहे.

कोणते लाकूड?

सागवान चांगले. त्याला पाण्याची भीती नाही. ते वाकत नाही, किडत नाही. सुरीची धार ते जरा लवकर उतरवते, पण धार लावता येते. महाग असते, ही एक अडचण.

बाभूळ आपल्याकडे बांधाबांधावर आहे. ती टणक असते. औते आणि गाडीची चाके तिचीच करतात. फळीलाही चालते. पण ओल्या बाभळीची फळी तडकते. लाकूड सावलीत चांगले वाळवून मगच फळी करावी.

चिंचेचे लाकूड घट्ट असते आणि लवकर चिरफाळत नाही. खाटकाच्या दुकानातला ठोकळा बहुधा चिंचेचा असतो, तो उगाच नाही. जांभळीचे लाकूड पाण्यात टिकते. कडुनिंबाचे लाकूडही बरे, पण नव्या फळीचा कडूपणा थोडे दिवस जाणवतो. आंब्याचे लाकूड स्वस्त असते, पण ते मऊ. त्याला कीड लागते आणि ओल लागली की ते वाकते. दुसरे काही नसेल तर घ्यावे.

आता कोणते लाकूड घेऊ नये, ते नीट वाचा.

बिब्ब्याचे लाकूड कधीही घेऊ नये. बिब्बा अंगावर उततो, फोड येतात, हे आपल्या माणसांना माहीत आहे. कण्हेर विषारी आहे, तिचे लाकूड चुलीत घालायचेसुद्धा टाळावे, मग फळी दूरच. रंग दिलेले दार, खिडकी, पेटी घेऊ नये. जुन्या रंगात शिसे असते आणि ते पोटात गेले तर लहान लेकरांना फार बाधते. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर डांबरासारख्या तेलात मुरवलेले असतात, ते नकोत. यंत्रांच्या खोक्यांची लाकडेही नकोत. त्यांना काही वेळा औषधाची धुरी दिलेली असते. प्लायवूड नको. ते पातळ थर चिकटवून केलेले असते. पाण्याने थर सुटतात आणि डिंक अन्नात येतो. आणि ज्या फळीवर कधी खत कालवले, फवारणीचे औषध सांडले, ती फळी कितीही धुतली तरी स्वयंपाकाला घेऊ नये. धुऊन जंतू जातील. लाकडात मुरलेले औषध जाणार नाही.

माप किती आणि फळ्या किती?

मोठ्या स्वयंपाकाला दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दीड इंच जाड फळी पुरते. सागवानाची अशी फळी साधारण साडेपाच-सहा किलो भरते. एका बाईला ती उचलता येते. याहून मोठी केली तर ती धुवायला कोणी उचलत नाही, आणि न उचललेली फळी न धुतलेलीच राहते.

शक्यतो एकसंध लाकडाची फळी घ्यावी. दोन तुकडे जोडले तर मधल्या फटीत घाण बसते. खिळे तर मुळीच नकोत. सुतारबुवांना सांगावे, कडा गोल करा, म्हणजे हाताला कुसळ लागणार नाही. दोन्ही बाजू सारख्या गुळगुळीत करा, म्हणजे दोन्हीकडून वापरता येईल.

आता फळ्या किती, ते पाहू. समजा, पाचशे माणसांची पंगत आहे. माणशी दीड पाव, म्हणजे दीडशे ग्रॅम असे कोणी म्हणेल, तर ते चुकेल. पाव म्हणजे अडीचशे ग्रॅम. दीड पाव म्हणजे पावणेचारशे ग्रॅम. इथेच हिशोब बिघडतो आणि भाजी उरते. आपण माणशी दीडशे ग्रॅम धरू. पाचशे गुणिले दीडशे, म्हणजे पंचाहत्तर किलो भाजी. आमच्या अदमासाने एक सवयीचा माणूस तासाला पाच किलो भाजी चिरतो. म्हणजे एका माणसाला पंधरा तास लागतील. तीन तासांत काम व्हायचे असेल तर पाच माणसे आणि पाच फळ्या पाहिजेत. कोशिंबिरीसाठी आणखी दोन धरा. झाल्या सात. विळीवर बसणाऱ्या बाया असतील तर तेवढ्या फळ्या कमी.

फळी वेगळी, माणूस एक

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आता सांगतो. शिजवायच्या भाजीची फळी वेगळी आणि कच्चे खायचे चिरायची फळी वेगळी पाहिजे. बटाटा, वांगे, मुळा, पालक यांना माती असते. त्यांच्या फळीवर काकडी चिरायची नाही. ज्या गावात कंदुरी होते, तिथे मटणाची फळी आणि सुरी अगदीच निराळी ठेवावी. ती भाजीच्या फळ्यांबरोबर धुवायलासुद्धा टाकू नये.

हे आपल्याला नवे नाही. एकादशीच्या दिवशी उपासाच्या भांड्याला कांदा-लसूण लागू नये म्हणून आपल्या बाया किती जपतात! ती शिस्त आपल्या अंगात आहेच. तीच शिस्त रोज जंतूंसाठी पाळायची.

परंतु इथे एक सांगणे आहे. फळी वेगळी ठेवावी, माणूस वेगळा ठेवू नये. भाजी कोणी चिरावी? ज्याचे हात धुतलेले आहेत त्याने. ज्याला खोकला, जुलाब, किंवा हाताला चिघळलेली जखम आहे त्याने त्या दिवशी चिरू नये, दुसरे काम करावे. याशिवाय तिसरी अट नाही. जात विचारून जंतू येत नाहीत.

आपल्या जिल्ह्यात कयाधू नदीकाठी नर्सी हे गाव आहे. संत नामदेवांचे ते जन्मगाव मानतात. नामदेवांची एकसष्ट पदे शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत, म्हणून शीख भाविकही नर्सीला येतात. शेजारी नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात लंगर चालतो. लंगरात कोणीही भाजी चिरायला बसावे आणि कोणीही पंगतीला बसावे, अशी रीत आहे. औंढ्याला महाशिवरात्रीला यात्रा भरते, आषाढीच्या वाटेवर शेगावची पालखी आपल्या जिल्ह्यातून जाते, तेव्हा गावोगाव वारकऱ्यांना जेवण देतात. देणारा नाव विचारत नाही, खाणाराही विचारत नाही. खाणारा विश्वासाने घास घेतो. त्या विश्वासाला जागणे म्हणजेच फळी धुणे.

फळी कशी जपावी?

नवी फळी आली की ती धुऊन दोन दिवस सावलीत वाळवावी. मग तिला औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन फडक्याने पातळ लावावे. ते लाकडात मुरते आणि लाकूड पाणी कमी पिते. शेंगतेल लावू नये. ते काही दिवसांनी खवट होते.

चिरताना फळीखाली ओले फडके किंवा गोणपाट घालावे, म्हणजे ती सरकत नाही. उभ्याने चिरायचे असेल तर फळी कोपराच्या थोडी खाली येईल अशा उंचीवर ठेवावी, म्हणजे पाठ दुखत नाही.

काम झाले की आधी चिकटलेले साल-पाल खरवडावे. मग साबण लावून काथ्याने घासावे. राख वापरायची असेल तर चाळलेली, लाकडाची राख घ्यावी. ज्या चुलीत प्लास्टिकच्या पिशव्या जाळल्या तिची राख नको. मग वरून कढत पाणी ओतावे. पाणी नुसते कोमट नको, चांगले उकळलेले पाहिजे.

मोठ्या पंगतीच्या आधी आणखी एक उपाय करावा. ग्रामपंचायतीत पाणी शुद्ध करायची पावडर असते. तिला टीसीएल म्हणतात. दहा लिटर पाण्यात सपाट चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅम पावडर कालवावी. गाळ खाली बसू द्यावा. वरचे निवळ पाणी धुतलेल्या फळीवर ओतावे, दोन-तीन मिनिटे राहू द्यावे, मग साध्या स्वच्छ पाण्याने धुवावे. पावडर जुनी, उघडी राहिलेली नको, तिचा जोर गेलेला असतो. आणि ती साबणात किंवा दुसऱ्या औषधात मिसळू नये.

धुतलेली फळी आडवी ठेवू नये. आडवी ठेवली की खालची बाजू ओली राहते आणि वरची वाळते. मग फळी वाकते, आणि ओल्या बाजूला बुरशी येते. ती कडेवर उभी करावी, दोन्ही बाजूंनी वारे लागू द्यावे. ऊन दाखवावे, पण वैशाखाच्या उन्हात दिवसभर ठेवू नये, लाकूड तडकते. रात्रभर पाण्यात भिजत तर कधीच ठेवू नये.

हळदीचा पिवळा डाग राहिला तर घाबरू नका. आपला वसमत-हिंगोलीचा भाग हळदीचा आहे. आपल्या फळ्या पिवळ्या असायच्याच! डाग म्हणजे घाण नव्हे. पण फळीला आंबूस वास आला, ती चिकट लागली, काळी पडली, तर ती घाण समजावी. वर्षातून एकदा सुतारबुवांकडून रंधा मारून घ्यावा. वरचा चऱ्यांचा थर निघाला की खालून नवी फळी निघते. नख जाईल एवढी फट पडली की मात्र ती फळी चुलीला द्यावी. तिने सेवा केली, आता तिला सोडावी.

फळीवर अक्षर

आता शेवटची आणि आम्हाला आवडणारी गोष्ट. शहरातल्या मोठ्या हॉटेलांत फळ्यांना रंग असतात. भाजीची हिरवी, कच्च्या मटणाची लाल, मासळीची निळी. रंग पाहून आचारी फळी ओळखतो. आपण काय करावे? आपण अक्षर लिहावे. सुतारबुवांना सांगून फळीच्या कडेवर कोरून घ्यावे. एकीवर 'भाजी'. दुसरीवर 'कच्चे'. तिसरीवर 'मटण'. रंग उडतो, कोरलेले अक्षर उडत नाही.

मागच्या साली आमच्या गावच्या सप्ताहात अशा फळ्या केल्या. काल्याच्या सकाळी घाई होती. आचाऱ्याने हाताला आली ती फळी ओढली आणि काकडीची टोपली पुढे घेतली. शेजारी आपल्या रात्रीच्या वर्गातल्या एक काकू बसल्या होत्या. वय साठीच्या पुढे. त्यांनी फळीच्या कडेवर बोट ठेवले आणि एकेक अक्षर लावून वाचले, "भा... जी." मग म्हणाल्या, "थांबा बापा. ही भाजीची हाय. काकडीची ती तिकडं हाय."

आचारी हसला. म्हणाला, "काकू, एका वक्ताला काय होतंय?"

काकू म्हणाल्या, "काय होतंय ते म्या पाह्यलंय. माझं लेकरू दोन दिस सलाईनीवर होतं."

आम्ही वळून पाहिले. पस्तीस वर्षांत चेहरा बदलला होता, म्हणून आम्ही ओळखले नव्हते. त्या काकू म्हणजे त्या पोराची माय होत्या. पोरगा आता आमच्या गावात राहतो, म्हणून त्याही इथे आल्या होत्या.

आचाऱ्याने फळी बदलली. पंगत झाली. रात्री गाव सुखाने झोपले. आम्ही मात्र उशिरापर्यंत जागे होतो. काकूंनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला देता आले नव्हते. ते त्यांनी स्वतःच वाचून दिले होते.

ध्यानात ठेवा

१. पंगतीच्या यादीत फळीचे नाव आणि संख्या लिहा.
२. वाळलेले, टणक, बिनरंगाचे लाकूड घ्या. बिब्बा, कण्हेर, प्लायवूड, रंगीत दार, औषधाची फळी घेऊ नका.
३. भाजीची, कच्च्याची आणि मटणाची फळी वेगळी ठेवा. तिच्यावर अक्षर कोरा.
४. घासा, कढत पाणी ओता, उभी करून वाळवा.
५. कोशिंबीर आदल्या रात्री चिरू नका.
६. फट पडलेली फळी चुलीत घाला.

सांगा पाहू

१. दात पडलेली म्हातारी माणसे आजारी का पडली नाहीत?
२. एका जंतूचे दोन तासांत किती जंतू होतात? हिशोब करून दाखवा.
३. तुमच्या घरी भाजी कशावर चिरतात? ती वस्तू कोणत्या लाकडाची आहे?
४. तीनशे माणसांच्या पंगतीला माणशी दीडशे ग्रॅम धरून किती किलो भाजी लागेल? तीन तासांत चिरायला किती फळ्या लागतील?
५. तुमच्या गावच्या फळ्यांवर कोणते शब्द कोराल? ते पाटीवर लिहून आणा.